टपालसेवा आणि महाराजांचा कौल

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



गेले दोन महिने आपल्या सगळ्या परिवार-गटांत एकच प्रश्न फिरतो आहे. पत्रिका आता प्रत्येकाच्या मोबाईलवर येते. मग दर पौर्णिमेला पाकिटं भरायची, विभूतीच्या पुड्या बांधायच्या, तिकिटं चिकटवायची, ही टपालसेवा चालू ठेवायची की थांबवायची?

प्रश्न साधा नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून टपाल खात्यानं रजिस्ट्री स्पीड पोस्टात मिळवून टाकली, त्यामुळे जपून पाठवायच्या वस्तूंचा हिशेब बदलला. सेवेचे हातही कमी झाले. कापसाची वेचणी आणि संत्र्याचा तोडा सुरू झाला की पांढुर्णा-सौंसरच्या घरात रिकामा बसतो कोण? तेव्हा एका ज्येष्ठ सेवेकऱ्यांनी सुचवलं, "पादुकांपुढं चिठ्ठ्या टाकू. एकीवर ‘चालू’, एकीवर ‘बंद’. लहान लेकराच्या हातानं उचलू. महाराज सांगतील ते खरं."

भाव चांगलाच होता. पण महाराजांनी आपल्याला काय शिकवलं आहे? हातात काम असलं की आधी ते काम नीट पाहावं, देवाचं सांगणं बहुतेक वेळा त्यातच असतं. म्हणून आपण ठरवलं की पादुकांपुढच्या चिठ्ठ्या मागाहून. भक्तांनी वर्षभर आपल्याकडं ज्या चिठ्ठ्या टाकल्या त्या आधी वाचू. आलेल्या पत्रांचा एक गठ्ठा आणि परत आलेल्या पाकिटांचा एक गठ्ठा, दोन्ही सोडून बसलो. त्यातून जे उमगलं ते आज सगळ्यांपुढं ठेवतो.

*पहिली गोष्ट: जे परत येतं*

पाकीट पोचलं नाही तर पोस्टमन त्यावर कारण लिहून परत पाठवतो. "घर बंद." "पत्ता सोडून गेले." "मयत." दोन-दोन शब्दांचे शेरे, पण एकेक शेरा म्हणजे एकेका घराची खबर.

‘मयत’ लिहिलेलं एक पाकीट सौंसरकडच्या एका खेड्यातून आलं होतं. मोबाईलच्या गटात त्या काकांचं नाव अजून होतं, रोजचा सुविचार त्या नंबरवर जातच होता. मुलगा परगावी, काकूंना मोबाईल चालवता येत नाही, कळवणार कोण? पाकीट परत आलं तेव्हा आपल्याला समजलं. आपले चार जण तिथं जाऊन बसले. तेरवी होऊन दोन महिने झाले होते, पाहुणे केव्हाच परतले होते. काकू म्हणाल्या, "सगळे येऊन गेले बाप्पा, आता कोणी येऊन नाही राहिलं." त्या दिवशी तिथं भजन झालं नाही, प्रवचन झालं नाही. चहा झाला, आणि काकांच्या आठवणी निघाल्या.

बघा मंडळी, मोबाईलवरचा निरोप परत येत नाही. माणूस असो, नसो, तो जातच राहतो. पाकीट मात्र परत येतं आणि विचारतं, तुमच्या यादीतला हा माणूस कुठं गेला? काम अडलं की आपण म्हणतो, देवाची इच्छा नव्हती, आणि तिथंच थांबतो. पण अडलेल्या कामातूनही देव रस्ता दाखवत असतो. त्या पाकिटानं आपल्याला त्या दारापर्यंत नेलं.

*दुसरी गोष्ट: पत्ता*

आपल्या भागाचा पत्ता किती वेळा बदलला! 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला, म्हणजे पाकिटावरचं ‘जिल्हा छिंदवाडा’ जाऊन ‘जिल्हा पांढुर्णा’ आलं. पिनकोड मात्र होता तोच राहिला. पांढुर्ण्याचा 480334, सौंसरचा 480106.

हा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि तेवढेच नावाजलेले संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, प्रत्येकाची भाषा वेगळी, अक्षर वेगळं. अशा देशात पत्र चुकू नये म्हणून त्यांनी सहा आकड्यांची वाट आखली. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, पुढचे दोन आकडे क्षेत्र आणखी लहान करत नेतात, शेवटचे तीन नेमक्या डाकघराचे. नागपूरचा पिनही 4 नं सुरू होतो आणि आपलाही. राज्याची सीमा मधून गेली, तरी टपालाच्या हिशेबात आपण शेजारीच राहिलो.

साधनेलाही हाच नियम लागतो. "सगळ्यांचं भलं कर" ही प्रार्थना चांगली, पण ती पहिल्याच आकड्यावर थांबते. कोणाचं भलं? कोणत्या गावातल्या, कोणत्या घरातल्या, कोणत्या आजारी माणसाचं? पाकिटावर एकेक नाव हातानं लिहिताना आपलं मन आपोआप त्या दारापर्यंत जातं. म्हणून पत्ता लिहिणं हे कारकुनी काम समजू नका. एका नावाला एक नाम घ्या आणि मग पुढचं पाकीट उचला.

*तिसरी गोष्ट: कोरं पत्र*

तापी आपल्या शेजारच्या मुलताईला उगम पावते. याच तापीच्या काठी, खाली पूर्णेच्या संगमाजवळ चांगदेवांचं स्थान आहे. त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वर माउलींना पत्र लिहायचं होतं. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, की ज्ञानानं थोर म्हणून ‘तीर्थरूप’? मायनाच ठरेना. शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवला. मुक्ताई म्हणाल्या, एवढी वर्षं जगून हे कोरेच राहिले. निवृत्तिनाथांनी मात्र माउलींना उत्तर लिहायला सांगितलं. त्या उत्तराच्या पासष्ट ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी.

टपालसेवेचा सगळा धडा या कथेत आहे. कोरा कागद आला म्हणून कोणी तो बाजूला टाकला नाही. जे लिहिता आलं नाही, त्याला उत्तर दिलं.

आपल्याकडं आलेली पत्रं या नजरेनं पुन्हा वाचली. एका ताईंनी एवढंच लिहिलं होतं, "विभूतीच्या दोन पुड्या जास्त पाठवा." दोन का? फोन करून विचारलं तर कळलं, सासरे अंथरुणाला खिळले आहेत आणि मुलाची नोकरी गेली आहे. पत्रात यातलं एक अक्षर नव्हतं. पुड्या तर पाठवल्याच, सोबत जवळच्या सेवेकऱ्यांना आठवड्यातून दोन रात्री त्यांच्याकडं बसायला सांगितलं. आपल्या माणसांना दुःख मोठ्यानं सांगायची सवय नाही. ते पुडी मागतात, त्यांना काय हवं आहे ते आपण ओळखायचं.

*चौथी गोष्ट: वाचून दाखवणारं लेकरू*

अमरावतीकडचे गुलाबराव महाराज (1881-1915) आपल्या वऱ्हाडाचे. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. तरी त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथ रचले. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. ज्ञान त्यांचं, पण ते आपल्यापर्यंत आलं लिहून घेणाऱ्यांच्या हातांनी. वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा, दोघंही गुरूच्या कामाचेच असतात.

एका आजीच्या पत्रात हेच सापडलं. पत्र लिहिलं होतं नातीनं. ती हिंदी शाळेत शिकते. पत्रिका आली की आजी तिला वाचायला बसवते. पोरगी ‘ळ’वर अडखळते, ‘जामसांवळी’ला ‘जामसांवली’ म्हणते. आजी तिला थांबवते, पुन्हा म्हणायला लावते. त्या पत्राच्या शेवटी पोरीनं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली होती, "आता मला येतं." मोबाईलवरची पत्रिका ज्याची त्यानं ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात वाचली जाते. हा कागद मात्र आजी आणि नातीला एका चटईवर बसवतो. त्या घरात मराठी टिकली तर आपली उपासनाही टिकेल.

*मग कौल काय?*

देवाचं सांगणं म्हणून जे जे वाटतं, त्यात आपली सोय किती आणि आपला हट्ट किती, हे पारखून घ्यावं लागतं. गठ्ठ्यात "आम्हाला मोबाईलवर पुरे, टपाल नको" अशीही बरीच पत्रं होती. तीही महाराजांचीच चिठ्ठी. म्हणून सगळ्यांनी बसून असं ठरवलं:

1. ज्या घरी मोबाईलवर भागतं, तिथलं पाकीट बंद. त्यातून वाचणारा पैसा बाकीच्यांच्या टपालाला.
2. वयस्क, एकटे, आजारी आणि वाचनासाठी कागद मागणारी घरं, यांना दर पौर्णिमेला पाकीट जाणारच.
3. पोथ्या ‘ज्ञान पोस्ट’नं पाठवायच्या. 1 मे 2025 पासून सुरू झालेली ही सोय धार्मिक पुस्तकांनाही आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर.
4. परत आलेल्या प्रत्येक पाकिटाची वहीत नोंद, आणि आठ दिवसांत त्या घरी फोन किंवा भेट.

चिठ्ठ्या टाकायची गरजच उरली नाही.

*या पौर्णिमेची सेवा*

प्रत्येक परिवार-गटानं आपल्या नात्यातलं, ओळखीतलं असं एक घर शोधावं, जिथं गेल्या वर्षभरात कोणाचंही हातानं लिहिलेलं पत्र गेलेलं नाही. एक पोस्टकार्ड घ्या. ते आजही 50 पैशांना मिळतं. चार ओळी लिहा, खाली महाराजांचं नाम लिहा, पिनकोड न विसरता घाला. लिहिताना घरातल्या लेकरांना जवळ बसवा. शक्य झालं तर पत्ता त्यांच्याच हातानं लिहून घ्या, आणि गावाच्या नावात ‘ळ’ असेल तर तो ‘ळ’च लिहायला सांगा.

मायना काय लिहावा हे सुचलं नाही, तरी कार्ड पाठवाच. चांगदेवांचा तर सगळा कागदच कोरा होता, तरी त्याला उत्तर आलं.

॥ जय गुरुदेव ॥