बरे वाटल्यानंतरचे औषध

क्षयाच्या उपचाराला आरंभ होऊन दोन महिने लोटले, की बहुतेक रुग्णांच्या आयुष्यात असा एक दिवस उगवतो, ज्या दिवशी खोकला थांबलेला असतो, तिन्हीसांजेची कणकण नाहीशी झालेली असते, अन्नाला चव आलेली असते, उतरलेले वजन भरून येऊ लागलेले असते. आणि तरीही औषधाची मुदत संपावयास अजून चार महिने शिल्लक असतात. तोवर गोळी घेण्याचे कारण देहच सांगत होता, त्यासाठी कोणाच्या उपदेशाची गरज नव्हती. आता देहाची तक्रार मिटली. उलट सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या त्या गोळ्यांनीच मळमळू लागते, आणि कामावर जाण्याच्या घाईत त्यांची आठवण नकोशी होते. मग उरलेले चार महिने ते औषध कोणासाठी घ्यावयाचे? हा प्रश्न वैद्यकाचा आहे असे समजून आपण तो डॉक्टरांच्या हवाली करतो आणि निश्चिंत होतो. मला मात्र तो मूलतः धर्माचा प्रश्न वाटतो. कारण ज्या कृतीची गरज कर्त्याला स्वतःला जाणवत नाही, जिचा लाभ बव्हंशी त्याच्या दृष्टीपलीकडे आहे, आणि जी टाळली असता तत्काळ काहीच बिघडत नाही, अशी कृती माणसाने का करावी, याचा निर्णय केवळ औषधशास्त्राला करता येत नाही.

या व्याधीशी धर्मविचाराचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची उत्पत्ती सांगताना चंद्राची कथा येते: दक्षाच्या कन्यांशी विवाह करून एकट्या रोहिणीवरच आसक्त राहिलेल्या चंद्राला श्वशुराचा कोप भोवला आणि तो क्षीण होऊ लागला. या कथेने पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनावर एक ठसा उमटविला, तो असा, की हा रोग म्हणजे कोठल्या तरी दोषाचे शासन आहे. आजही मुलीचे लग्न ठरावयाचे असले की घरातील क्षयाचा उच्चार दाराआड होतो, नव्याने सासरी आलेली सून गोळ्यांची पाकिटे धान्याच्या डब्यात दडवून ठेवते. त्यामागे संसर्गाच्या भीतीइतकाच हा शासनाचा समजही असतो. परंतु त्याच कथेत चंद्राला अश्विनीकुमारांनी बरे केले, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. त्याच संहितेच्या विमानस्थानात, माणसाचे आयुष्य सर्वस्वी नियत असते काय, अशी शंका उपस्थित करून, ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते आणि सर्वच नियत असते तर औषधांचा खटाटोप व्यर्थ ठरला असता, असे स्पष्ट प्रतिपादन केलेले आहे. क्षयरोग्याला प्रारब्धाचे दाखले देणाऱ्यांनी संहितेचा हा भाग अवश्य वाचावा.

दैव आणि पुरुषकार यांच्यामधील सीमारेषा कालानुसार सरकत असते, ही गोष्ट मात्र संहिताकारांपेक्षा आपल्याला अधिक स्पष्ट दिसते. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन स्वदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात क्षयाने निवर्तल्या. त्याआधी पाचच वर्षे, 24 मार्च 1882 रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे शत्रूची ओळख पटली होती. परंतु त्याला मारणारे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली हाती यावयाचे होते. आनंदीबाईंच्या मृत्यूला कोणी दैव म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण ज्या काळात चार औषधे सरकारी केंद्रावर विनामूल्य मिळतात, त्या काळात त्याच मृत्यूला दैव म्हणणे म्हणजे कोणाची तरी हयगय देवाच्या नावावर खपविणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सहा महिनेच का, याचे उत्तर समजून घेतल्याखेरीज कर्तव्याची चर्चा पोकळ राहील. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने 1948 साली स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध मिळालेल्या 55 रुग्णांपैकी सहा महिन्यांत चार दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी चौदा. हा विजयच वाटला. परंतु पाच वर्षांनी गणती केली तेव्हा पहिल्या गटातील 32 आणि दुसऱ्यातील 35 मृत झाले होते. आरंभीचा बहुतेक लाभ ओसरून गेला होता. कारण असे, की फुप्फुसातील एका पोकळीत जंतू कोट्यवधींनी असतात, आणि एवढ्या संख्येत काही थोडे जंतू कोणत्याही एका औषधाला जन्मतःच दाद न देणारे निघतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि हे उरलेले निष्कंटक राज्य करतात. पुढे पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्ल आणि 1952 साली आयसोनियाझिड हाताशी आले, तेव्हा एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याचा मार्ग रूढ झाला. कारण एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरणारा जंतू सापडणे अत्यंत दुर्मीळ. आजच्या साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी आपल्या देशात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, व नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा क्रम आहे. 2017 पासून ती एकाच संयुक्त गोळीत, वजनानुसार संख्या ठरवून, दररोज दिली जातात. पहिल्या दोन महिन्यांत वेगाने वाढणारे जंतू मरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते. मागे राहतात ते मंद, जवळजवळ निद्रिस्त जंतू. त्यांना औषध तेवढे लवकर बाधत नाही, आणि देहाला त्यांची चाहूलही लागत नाही. उरलेले चार महिने त्यांच्यासाठी आहेत.

म्हणजे बरे वाटणे आणि बरे होणे यांच्यामध्ये चार महिन्यांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात देहाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. जो रुग्ण मध्येच थांबतो, किंवा त्रास होतो म्हणून रोजच्या गोळ्यांपैकी काही गाळून बाकीच्या घेतो, त्याचा रोग उलटण्याचा संभव असतो. आणि उलटलेला रोग औषधांना न जुमानणारा असेल, तर तो त्याच्या श्वासावाटे त्याच्या नातवाला, लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या अपरिचिताला, कारखान्यातील सोबत्याला होऊ शकतो. त्या अपरिचिताने कधीही गोळी चुकविलेली नसते; त्याच्या वाट्याला मात्र प्रथमपासूनच कठीण रोग येतो. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या, म्हणजे साथीने होणाऱ्या संहाराच्या, अध्यायात अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की निरनिराळ्या प्रकृतीची, वयाची, आहाराची माणसे एकाच व्याधीने एकाच काळी कशी मरतात. आणि आत्रेय सांगतात, की वायू, उदक, देश आणि काल ही सर्वांना समान असतात, ती बिघडली की सर्वांनाच बाधा होते, आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म व प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीची चूक, असतो. जंतूंची कल्पना नसलेल्या काळातील हे विवेचन मी शब्दशः घेत नाही. परंतु वायू ही कोणाची खाजगी मिळकत नसून सर्वांचे सामाईक वतन आहे, ही त्यातील दृष्टी क्षयाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या रोगाला. देह माझा असेल. माझा उच्छ्वास एकट्या माझा नाही. त्या चार महिन्यांतील गोळीवर माझ्या कधीही न भेटणाऱ्या माणसाचा हक्क आहे, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

येथे अपराध कोणाचा, हे ठरविताना मात्र न्यायबुद्धी जागी ठेवली पाहिजे. रुग्णाला बेजबाबदार ठरविणे सोपे असते, कारण तो दुर्बल असतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या धारावी भागातील शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयावरील औषधयोजना विचारली असता त्यांनी ऐंशी वेगवेगळ्या योजना सांगितल्या. ज्या रुग्णाच्या हाती अशी चिठ्ठी पडली, त्याने ती कितीही निष्ठेने पाळली तरी त्याच्या निष्ठेतूनच रोगाला बळ मिळाले असेल. प्रज्ञापराध झाला खरा, पण तो रुग्णाच्या प्रज्ञेचा नव्हता.

औषध व्रतासारखे घ्यावे, असा उपदेश आपल्याकडे वडीलधारी माणसे करतात. नियत वेळ, खंड न पडू देणे, फळ दिसो वा न दिसो मुदत पुरी करणे, या अंगाने तो उपदेश मला मान्य आहे. ज्यांना व्रत आणि औषध यांत विरोध वाटतो, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ज्या गोष्टींनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी व्रतनिर्णयाच्या ग्रंथांनी गणल्या आहेत, आणि त्यांत पाणी, मुळे, फळे, दूध यांच्या जोडीला औषधही आहे. कुराणानेही रोग्याला रमजानच्या रोज्यातून मुभा देऊन ते दिवस पुढे भरून काढण्याची सवलत दिली आहे. तेव्हा श्रावणातल्या सोमवारी किंवा रोज्याच्या दिवशी गोळी चुकविणाऱ्याला त्याच्या धर्माचा आधार नाही. परंतु व्रताची उपमा येथेच सोडावी लागते. व्रतात क्लेश मुकाट्याने सोसण्याला पुण्य मानले आहे. क्षयाच्या औषधात मुकाट्याने सोसणे जिवावर बेतू शकते. ही औषधे गुणकारी आहेत तशीच प्रखर आहेत. रिफाम्पिसिनने लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी होतात, त्यात भिण्याचे कारण नाही. पण भूक पार मरणे, वारंवार ओकारी होणे, लघवी गडद तपकिरी होणे, डोळे पिवळे दिसणे, ही यकृताला इजा झाल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे, आणि पुन्हा कोणते औषध केव्हा सुरू करावयाचे हे त्यांनीच ठरविले पाहिजे. इथॅम्ब्युटॉलने दृष्टी मंद होऊ शकते, लाल व हिरवा रंग वेगळा ओळखू येईनासा होतो. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, आणि त्यावर ब-6 जीवनसत्त्वाची साधी गोळी पुरते. पायराझिनामाइडने सांधे धरतात. मद्य या काळात वर्ज्य, कारण यकृतावरचा भार दुणावतो. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि इतर कित्येक औषधांचा प्रभाव घटतो. म्हणून आपण दुसरे काय घेतो हे आधीच सांगितले पाहिजे. आणि एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊन प्रायश्चित्त करू नये. चूक सांगावी आणि क्रम पुढे चालवावा.

चरकाने चिकित्सेचे चार पाद मानले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगी जे चार गुण असावेत म्हणून तो सांगतो, ते असे: स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता, आणि आपल्याला काय होते आहे ते नीट निवेदन करणे. या यादीत आज्ञापालन एकटे नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला भय वाटते तो निवेदन करीत नाही. आणि जो निवेदन करीत नाही त्याचे आज्ञापालन आंधळे ठरते. केंद्रावर गेल्यावर अंगावर खेकसणारा कर्मचारी भेटला, तर रुग्ण मळमळीची गोष्ट सांगणार नाही. तो गोळ्या घेतल्याचे सांगेल आणि घरी जाऊन त्या टाकून देईल. त्याच्या असत्याचा काही अंश त्या खेकसण्याच्या खाती जमा झाला पाहिजे.

डोळ्यांदेखत औषध देण्याची पद्धत माणसाचा अवमान करते काय, हाही प्रश्न याच अनुषंगाने येतो. या पद्धतीचे एक मूळ आपल्याच देशात, मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रात आहे. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासाने दाखवून दिले, की दाटीवाटीच्या घरात, निकृष्ट अन्नावर राहून औषध घेणारे रुग्ण हे आरोग्यधामात उत्तम आहार व विश्रांती मिळालेल्या रुग्णांइतकेच जवळजवळ बरे होतात, आणि त्यांच्या घरच्या माणसांना अधिक संसर्गही होत नाही. गरिबाला घरदार सोडून डोंगरावरच्या आरोग्यधामात जावे लागू नये, हा केवढा मोठा दिलासा! परंतु तेथेच हेही ध्यानात आले, की घरी दिलेली औषधे सर्वजण नियमित घेत नाहीत. त्यातून देखरेखीचा विचार बळावला. ही देखरेख संशयातून केली तर ती पोलिसी ठरते, सोबत म्हणून केली तर तीच परिचारकाचा पाद होते. शेजारची आशाताई रोज सकाळी उंबऱ्याशी येऊन, आज जेवण कसे गेले, डोळे पिवळे तर नाहीत ना, असे विचारीत गोळी हातावर ठेवते, तेव्हा ती रुग्णाची स्मृती वाटून घेत असते.

उरला द्रव्याचा पाद. औषधीद्रव्याच्या गुणांत चरकाने विपुलता गणली आहे: औषध पुरेसे असले पाहिजे. रुग्णाला सहा महिने खंड न पाडण्याचा हुकूम देणाऱ्या व्यवस्थेवर हा गुण आधी बंधनकारक होतो. 2024 साली देशात अनेक ठिकाणी या गोळ्यांचा तुटवडा जाणवला. ज्या मजुराने रोजगार बुडवून केंद्र गाठले आणि जो रित्या हाताने परतला, त्याच्या उपचारात पडलेला खंड त्याच्या हयगयीचा नव्हता. जंतूला मात्र हा भेद कळत नाही. 2018 पासून सुरू झालेले दरमहा पाचशे रुपयांचे पोषणसाहाय्य अलीकडे हजारांवर नेले, ही योग्य तजवीज झाली. तथापि पैसा वेळेवर पोचण्यापेक्षाही गोळी वेळेवर पोचणे निकडीचे आहे. रुग्णाच्या उपचारपत्रिकेवर त्याने चुकविलेल्या दिवसांची नोंद होते. साठा नसल्यामुळे चुकलेल्या दिवसांचा वेगळा रकाना त्याच पत्रिकेवर असावा, तो रुग्णाच्या देखत भरला जावा, आणि त्याची बेरीज दर तिमाहीला जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या दप्तरी रुजू व्हावी.