मूठ सोडण्याची किंमत

मूठ आवळायला जोर लागतो, सोडायला काहीच लागत नाही, असे आपण धरून चालतो. निवृत्ती ही जीवाची मूळ अवस्था आणि कर्म हे तिच्यावर चढलेले पुट, हा विचारही बहुधा याच समजुतीच्या आधाराने पटवला जातो: धडपड थांबवा, शांती आपोआप लाभेल. स्नायूंकडे पाहिले तर हा आधार टिकत नाही. सातारा-सांगलीच्या तालमींत वस्ताद पोरांना 'अंग आखडू नको' म्हणून दटावतो, ते उगाच नव्हे. एका डावातून दुसऱ्यात जाताना पकड क्षणात सुटावी लागते. मज्जातंतूचा इशारा आला की स्नायूपेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटते आणि स्नायू आखडतो. तो सैल पडायचा तर ते कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरावे लागते. कोठाराच्या पडद्यातला प्रथिनाचा पंप हे काम करतो आणि कॅल्शियमच्या दर दोन आयनांमागे एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे यांनी 1961 साली हा उपसा इंधनावर चालतो हे दाखवले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांची पकड सुटण्यालाही इंधन लागत होतेच. शास्त्राला त्याचा हिशेब तेवढा लागायचा होता.

सर्वांत कठोर पुरावा प्रेत देते. इंधन संपते, पंप थांबतो, कॅल्शियम पाझरत राहते आणि एकमेकांत अडकलेले स्नायूतंतू सुटेनासे होतात. काही तासांत आधी जबडा, मग हातपाय ताठतात. पुढे दीड-दोन दिवसांनी येणारा सैलपणा ही विश्रांती नसते, ते कुजणे असते. जिवंतपणीही स्वस्थता फुकट मिळत नाही. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्या द्रवापेक्षा सुमारे 10,000 पट जास्त असते, ते सतत आत झिरपते आणि सतत बाहेर काढावे लागते.

वेदान्ती म्हणेल, शांती आत्म्याची, देहाची नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण मग देहाची निश्चलता त्या शांतीचा दाखला म्हणून पुढे करू नये, कारण आसनस्थ योग्याच्या हृदयातही दर ठोक्याला हाच उपसा चाललेला असतो. उलट बाजूने, सज्जनगडच्या समर्थांचा प्रयत्नवाद मानणारे खूश होतील: बघा, विश्रांतीसुद्धा प्रयत्नच! त्यांनीही जरा दमाने घ्यावे. पंपाला इच्छा नाही, संकल्प नाही. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी 'जडवाद' लिहिला. त्या वाटेने जाणारा तर विचारेल, हे निव्वळ रसायन, यात कर्म कसले? मला हा प्रश्न सर्वांत वजनदार वाटतो. तरी गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचे म्हणणे त्याने ढळत नाही. कुणीही क्षणभर कर्मावाचून राहत नाही असे सांगताना गीता ते कर्म माणसाच्या संकल्पाच्या नव्हे, प्रकृतीच्या गुणांच्या खाती टाकते. म्हणजे श्रेय ना त्याग करणाऱ्याचे, ना झटणाऱ्याचे.

खर्च मात्र उरतोच, आणि तो अन्नातून भागतो. निश्चल बसलेल्याचा पंपही माण-खटावच्या किंवा जतच्या ज्वारीवर चालतो. कर्मत्यागाचा उपदेश ऐकताना, ती ज्वारी पिकवली कुणी, हे श्रोत्याने जरूर विचारावे.