अल्-ख्वारिज्मींचा न वाचलेला अर्धा ग्रंथ

शहापूर किंवा मुरबाड येथे मुस्लिम विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा कार्यक्रम असला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ज्या ‘अल्गोरिदम’वर आज जगातील सारे संगणक चालतात, तो शब्द आपल्या एका पूर्वजाच्या नावावरून आला आहे. सभागृहात टाळ्या पडतात. मी गणिताचा शिक्षक. निवृत्त होईपर्यंत हे वाक्य मीही व्यासपीठावरून कितीतरी वेळा उच्चारले. वाक्य खरे आहे. परंतु त्या पूर्वजाचा ग्रंथ आपण उघडून पाहिला आहे काय, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, आणि तो सुचल्यापासून त्या टाळ्या मला अवघड वाटू लागल्या आहेत.

मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी हे नवव्या शतकात बगदादमध्ये, खलीफा मामून यांच्या काळात होऊन गेले. त्यांनी भारतीय अंकपद्धतीवर लिहिले. त्या लिखाणाच्या लॅटिन रूपांतरामुळे त्यांचे नाव गणनपद्धतीलाच चिकटले. (अंक आपल्या या भूमीतले, हेही त्या व्यासपीठावरून सांगितले गेले तर बरे होईल.) त्यांचा दुसरा ग्रंथ बीजगणिताचा. ‘अल्-जब्र’ हा शब्द त्याच्याच नावातून आला. हा ग्रंथ कशासाठी लिहिला, ते त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे : वारसाहक्क, मृत्युपत्रे, वाटण्या, कज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे अशा व्यवहारांत लोकांना जे लागते, ते त्यांना सोपे करून द्यावे म्हणून. आणि ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग एकाच विषयाला दिलेला आहे. तो विषय म्हणजे मयताच्या मालमत्तेची वाटणी. पत्नीला किती, मुलीला किती, एखाद्याच्या नावे मृत्युपत्र असेल तर त्याला किती, अशी शेकड्याने उदाहरणे नसली तरी पानेच्या पाने भरतील इतकी आहेत.

पुढे काय झाले, ते विज्ञानाच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. इ. स. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी स्पेनमधील सेगोव्हिया येथे बीजगणिताचे लॅटिन भाषांतर केले. त्यांनी समीकरणांचा भाग घेतला. वारशाचा भाग लॅटिनमध्ये गेलाच नाही. त्यात आश्चर्य नाही, त्यांना त्याचे काम नव्हते. १८३१ साली फ्रेडरिक रोझेन यांनी लंडनमध्ये मूळ अरबी ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला, तेव्हा त्यात तो भाग होता. पण त्यातील उत्तरे त्यांना मनमानी वाटली. १९३८ साली सॉलोमन गांझ या अभ्यासकाने दाखवून दिले की ती उत्तरे मनमानी नाहीत. इस्लामी वारसाकायद्याचे नियम ठाऊक असतील तर प्रत्येक उत्तर काटेकोर आहे. गणित समजण्यासाठी आधी न्याय समजावा लागत होता.

युरोपने समीकरण उचलले आणि वारसा सोडला, याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार नाही. कारण आपणही तेच केले.

हा विषय त्या गणितज्ञाला एवढा महत्त्वाचा का वाटला असेल? मला वाटते, त्याचे उत्तर मदीनेतील एका घरात आहे. उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की यांच्या चुलत्याने यांच्यासाठी काहीच ठेवले नाही. तेव्हा वारसाविषयक आयती अवतरल्या. प्रेषितांनी (स.) त्या चुलत्याला बोलावून सांगितले : दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. चोवीस हिस्से केले तर सोळा मुलींचे, तीन आईचे, पाच चुलत्याचे. दिव्य कुरआनने नमाजच्या रकअती मोजून सांगितल्या नाहीत, जकातीचे दरही सांगितले नाहीत. ते हदीसमधून समजले. मात्र वारशाचे अपूर्णांक सूरह अन्-निसामध्ये नावानिशी दिले, आणि लगेच पुढे बजावले की या अल्लाहने आखलेल्या मर्यादा आहेत. ज्या ठिकाणी माणसाची नियत सर्वांत लवकर घसरते, तेथे अंदाजाला जागा ठेवली नाही.

आता आजच्या काळाकडे येऊ. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सात भाषा-प्रारूपांपुढे इस्लामी वारसाकायद्यावरील एक हजार बहुपर्यायी प्रश्न ठेवण्यात आले. त्यांपैकी दोघांची उत्तरे नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक आली; चौघांना पन्नास टक्केही गाठता आले नाहीत. चुका कोठे होतात, याचाही संशोधकांनी तपास केला. कोणी प्रश्नातील नातीच नीट ओळखली नाहीत, कोणी नियम चुकीच्या जागी लावला, कोणाला विषयाचेच पुरेसे ज्ञान नव्हते. ज्या विद्येवर अल्-ख्वारिज्मींनी अर्धा ग्रंथ खर्च केला, ती यंत्राची बुद्धी पारखण्याची कसोटी ठरावी, हे वाचून मला आनंद झाला. पण पाठोपाठ एक विचार आला. समजा, उद्या यंत्र शंभर टक्के अचूक झाले. आपल्या तालुक्यातील एका तरी बहिणीला त्यामुळे तिचा हिस्सा मिळेल काय? यंत्राला उत्तर येते, पण घरात प्रश्नच विचारला जात नाही.

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कसाऱ्याच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढला आहे. अभियांत्रिकीची ती खरोखर थक्क करणारी करणी आहे. रस्त्यासाठी जमिनीची मोजणी झाली, झाडे मोजली, विहिरी मोजल्या. मुरबाडकडे हा महामार्ग नसला तरी कल्याण-मुंबईचे खरेदीदार आहेत, फार्महाऊसचे प्लॉट आहेत. जी वरकस जमीन कोणी फुकट घेत नव्हते, तिला भाव आला. आणि भाव आला तसे तलाठी कार्यालयात वारसनोंदी निघू लागल्या, आणि वारसनोंदीच्या मागोमाग हक्कसोडपत्रे. चार-चार मुलांच्या आई झालेल्या बहिणी भावाच्या गाडीत बसून येतात, दाखवलेल्या जागी सही किंवा अंगठा करतात, माहेरी जेवतात, साडी घेऊन परत जातात. हे केवळ मुस्लिम घरांत घडते असे नाही. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या मुलींना महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने बरोबरीचा हक्क मिळाला. त्यांच्या घरांतही हक्कसोडपत्र तसेच होते. परंतु त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. आपण तर तो हिस्सा ईशआज्ञा मानतो.

‘बहिणीने खुशीने सोडले’ असे आपण म्हणतो. या निबंधाचा खरा प्रश्न हा आहे. खुशी म्हणजे काय? कोणाही माणसाची मालमत्ता त्याच्या मनाच्या खुशीवाचून हलाल होत नाही, असे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा सगळी मदार त्या एका शब्दावर आहे. ज्या बहिणीला आपला हिस्सा किती गुंठे आणि त्याची किंमत किती, हे कोणी सांगितलेच नाही, तिने नेमके काय सोडले? ज्या वस्तूचे मोजमाप ठाऊक नाही, ती दान कशी होते? बरे, आकडा सांगितला असे धरू. ती ‘नाही’ म्हणाली असती तर माहेरचा दरवाजा पूर्वीसारखा उघडला असता काय? नकाराची किंमत भाऊ हीच असेल, तर तिच्या होकाराला खुशी म्हणणे म्हणजे भाषेवर जुलूम आहे. यावर भाऊ म्हणतील, आम्ही तर शब्दानेही दबाव टाकला नाही. ते बहुधा खरेही असेल. दबाव टाकावा लागत नाही. तो रिवाजातच असतो. म्हणूनच पुष्कळ मुफ्ती सल्ला देतात की आधी हिस्सा तिच्या ताब्यात द्या, काही काळ जाऊ द्या, मग तिला परत करावासा वाटला तर तिची मर्जी. असे परत केल्याचे उदाहरण माझ्या ऐकण्यात फारसे नाही, यावरून खुशीचा अंदाज यावा.

लग्नात खर्च केला, दागिने घातले, हे कारण तर टिकतच नाही. बापाने जिवंतपणी दिलेली भेट वारशातून वळती होत नाही, आणि मुलाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्शातून कोणी वजा करत नाही. आईवडिलांना आम्ही सांभाळले, हे कारण मात्र वजनदार आहे. त्या सेवेचे मोल अल्लाहपाशी फार मोठे आहे; परंतु ते बहिणीच्या खात्यातून वसूल करायचे असेल तर ती सेवा राहिली कोठे? काही सुशिक्षित मंडळी कायद्याचा आधार घेतात. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा प्रश्न वगळला आहे, हे खरे आहे. पुढे काही राज्यांनी ती उणीव भरून काढली. पण एखाद्या कलमाने कोर्टात सुटका होते म्हणून कयामतच्या दिवशीही होईल, असे समजणारा माणूस नमाज कोणाची पढतो? मुलीला मुलाच्या निम्मे का, यावर सभांतून तावातावाने उत्तरे देणारे आपण, घरी तिच्या हाती निम्मेही ठेवत नाही, शून्य ठेवतो. खरी अडचण एकच : जमीन थोडी, वाटेकरी अनेक, आणि घरात म्हातारी आई राहते. तिच्यावर फिक्‌हमध्ये वाट आहे. एखादा वारस ठरलेला मोबदला घेऊन आपल्या हिश्शातून बाहेर पडू शकतो; त्याला ‘तखारुज’ म्हणतात. मोबदला खरा हवा, साडी नव्हे.

हे सारे मी दुसऱ्यांबद्दल लिहीत आहे असे वाचकांना वाटू नये. मुरबाड तालुक्यात आमची तीन एकर भातजमीन होती. आजोबा वारले तेव्हा मागे आजी, दोन मुलगे व एक मुलगी होती. ती माझी फुफी. सातबाऱ्यावर माझ्या वडिलांचे व चुलत्यांचे नाव लागले. फुफीने सही केली. मी तेव्हा दहावीच्या मुलांना द्विघाती समीकरणे शिकवीत होतो. फुफीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, एका रात्री मी कागद घेऊन बसलो. पत्नीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलांना दोन-दोन आणि मुलीला एक. एकूण हिस्से चाळीस : आजीचे पाच, वडील व चुलते यांचे चौदा-चौदा, फुफीचे सात. पुढे आजी गेली. तिचे पाच त्याच प्रमाणात वाटले गेले आणि फुफीचे आठ झाले. एकराचे गुंठेही चाळीसच, त्यामुळे पळवाट उरली नाही. एकरी आठ गुंठे, तीन एकरांत चोवीस. फुफी गेल्यावर त्यातील चौथा भाग, म्हणजे सहा गुंठे, फुफांचे, बारा तिच्या मुलाचे, सहा मुलीचे. मला यंत्राची गरज पडली नाही. पाव तासही लागला नाही. त्या पाव तासाला तीस वर्षे लागली.

वारशाची विद्या शिका, कारण तीच सर्वांत आधी विसरली जाईल, अशा अर्थाची एक हदीस सांगितली जाते. हदीसवेत्त्यांनी तिची सनद दुर्बल ठरविली आहे, हे मला माहीत आहे. तरी मी स्वतःला गणित विसरलेला म्हणू शकत नाही. मला ते येत होते.

वडील हयात नाहीत, म्हणून आमच्या वाट्याचा प्रश्न मी व माझ्या बहिणींनी मिळून सोडविला. चुलत्यांच्या एका मुलाने संमती दिली, दुसरा अजून बोलत नाही. तीनपैकी एक एकर पूर्वीच विकला गेला आहे. त्यातील फुफीच्या आठ गुंठ्यांचे पैसे तेव्हाच्या भावाने द्यायचे की आजच्या, हे मुफ्तीसाहेबांना लिहून विचारले आहे. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे लहान तुकडा वेगळा करता आला नाही, तरी सामाईक खात्यात नावे लागू शकतात. गेल्या महिन्यात कागद घेऊन मी शहापूरला फुफांच्या घरी गेलो. फुफा काही वेळ कागदाकडे नुसते पाहत राहिले. आतेभाऊ म्हणाला, ‘‘आता कशाला, दादा? अम्मीने तर माफ केले होते.’’ त्याची बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारले, ‘‘माझे किती?’’

‘‘सहा गुंठे,’’ मी सांगितले. ‘‘चार गुंठे जमीन, दोन गुंठ्यांचे पैसे.’’

ती आत जाऊन पेन घेऊन आली.