गप्प आहे, पण कोणत्या भाषेत?

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एखाद्या ढाण्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. तपासणीचं पथक आलंय. चार वर्षांचा पोरगा कोपऱ्यात बसून खिचडीची रिकामी ताटली जमिनीवर गरगर फिरवतोय. डॉक्टर मराठीत नाव विचारतात, तो बघत नाही. हिंदीत विचारतात, तरी नाही. मूल लाजाळू आहे, कानानं कमी ऐकतं, की स्वमग्न आहे? त्याच्या घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नव्हे आणि हिंदीचीही नव्हे. संथाळी, मुंडारी ज्या मुंडा कुळातल्या, त्याच कुळातली ती भाषा. मराठीत विचारलं तर तिथली बरीच मुलं गप्पच राहणार. त्यातलं वेगळं गप्पपण ओळखायचं कसं, हा धारणीतला खरा प्रश्न आहे.

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, मेंदूच्या जडणघडणीतला आहे. तो मुंबईतही असतो, मेळघाटातही. पण मुलाचं काय खटकतं, केव्हा खटकतं आणि मग कोणाचं दार ठोठावलं जातं, हे घरदार ठरवतं. तमारा डेली यांनी भारतीय शहरांतल्या कुटुंबांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध केला. अमेरिकी आईबापांना बहुधा आधी खटकतं ते मुलाचं न बोलणं. आपल्याकडच्यांना खटकलं ते माणसांत न मिसळणं. मला याचं नवल वाटलं नाही. 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता,' हे आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं! त्या एका वाक्यापायी हाताशी असलेली वर्षं निघून जातात.

कोरकू गावात घरं समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद रस्ता. भरकटलेलं पोर कोणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतं. शेळ्यांमागे जायला फारसं बोलावंही लागत नाही. अशा गावात वेगळं मूल बरंचसं सामावून जातं, आणि फ्लॅटच्या बंद दाराआड एकटीनं झुंजणाऱ्या शहरी आईकडे पाहिलं की ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळतं. पण सामावलं म्हणजे मदत मिळाली असं होत नाही. फिट येऊ लागल्या, किंवा चित्रांनी-खुणांनी बोलायला शिकवायचं वय हातचं गेलं, तर शेजार पुरा पडत नाही.

अशा वेळी बरीच कुटुंबं आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जातात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी आपली मोजपट्टीही तपासून पाहावी. ऑटिझम मोजण्याची भारतीय मोजपट्टी 2009 साली आली. तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि नजरेला नजर न देणं हा त्यांतला एक. ज्या घरात थोरांच्या डोळ्यांत डोळे घालणं उद्धटपणाचं, तिथलं मूल परक्या डॉक्टरसमोर मान खालीच घालणार. पुष्कळसे गुण आईच्या सांगण्यावर ठरतात. तिला प्रश्न दुभाष्याच्या तोंडून अर्धामुर्धा पोचला, तर त्या गुणांवर किती विसंबायचं?

म्हणून तपासणीच नको, असं मी म्हणणार नाही. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ते आलं. आता हक्क मिळतो तो प्रमाणपत्रावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची असते. पण कामासाठी बाहेर गेलेलं कुटुंब होळीलाच गावी परतलं, तर पथक येतं त्या दिवशी ते पोर हजेरीत नसतं.

कोरकू बोलणाऱ्या सेविका आणि आशाताई गावात आहेत. भूमकांना सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात आणण्याचा प्रयत्नही मेळघाटात झालेला आहे. या सगळ्यांच्या हाती साधे प्रश्न द्या. आई पाठीमागून हाक मारते तेव्हा वळतो का? कोंबडीची पिल्लं दिसली तर तुलाही दिसावीत म्हणून बोट दाखवतो का? हे आधी कोरकूत विचारा, आईच्या ओसरीवर बसून विचारा. मुलाच्या नावापुढे काय लिहायचं ते त्यानंतर ठरवा.