नवमीचे पान

जोडीदार गेल्यावर पुन्हा प्रेमात पडणे ही गेलेल्याशी प्रतारणा आहे का, या प्रश्नाला दोन बाजू आहेत.

पूर्वपक्ष: वर्षश्राद्ध झाले, आता पुढचे बघा, असे लोक म्हणतात. पण शोकाला मुदत नसते. ज्याच्याबरोबर संसार केला त्याची जागा दुसऱ्याला दिली, की तो दुसऱ्यांदा मरतो.

उत्तरपक्ष: शोक संपत नाही, त्याला घरात जागा मिळते. न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ ही रांगिताने या माओरी लोकांची भूमी. माओरी रीतीत दफनानंतर साधारण वर्षभराने थडग्याच्या दगडावरचे कापड दूर करतात. या विधीला हुरा कोहातू म्हणतात. म्हणजे वर्ष सरल्यावर नाव झाकले जात नाही, उघडे होते. तिथल्या मराठी घरांत पितृपक्ष वसंतात येतो, पण नवमी तीच. अविधवा नवमीला, सवाष्ण असताना गेलेल्या स्त्रीच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. दुसरेपणाची बायकोही तो स्वयंपाक करते. दोघी एकाच घरात नांदतात.

पूर्वपक्ष: पुरुषाच्या घरात नांदतात. विधवा लग्न करून गेली, तर पहिल्या नवऱ्याचे पान नव्या घरात कोण मांडतो? १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली. पण पुनर्विवाह करताच, जणू ती मेलीच असे धरून, पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क काढून घेतला.

उत्तरपक्ष: तरीही वाट निघाली. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, दोघांना वाळीत टाकले, पण संसार उभा राहिला.

पूर्वपक्ष: लग्नानंतर काही महिन्यांतच गेलेला नवरा त्या मुलीला कितीसा माहीत असणार? या उदाहरणाने पुनर्विवाहाचा हक्क सिद्ध होतो. शोक आणि प्रेम एकत्र राहू शकतात, हे नाही. शोक असेल तर कर्व्यांच्या मुलाचा, रघुनाथचा, ज्याची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली होती.

उत्तरपक्ष: हे मान्य केले पाहिजे. हक्क कायद्याने मिळतो, मनातली जागा मिळत नाही.

इथे वाद अडतो, आणि परदेशातल्या घरात त्याचे रूप पालटते. तिथे वाळीत टाकायला भावकी नसते. पण गेलेल्याला ओळखणारेही मोजकेच असतात. मागे राहिलेल्या माणसाने नाव घेतले नाही, तर ते कोणीच घेत नाही. म्हणून नव्या जोडीदाराला ते नाव ऐकवते का, हाच खरा निकष ठरतो. ऐकवत नसेल, तर घाई झाली. ऐकवत असेल, तर प्रतारणा नाही. नवमीने पुरुषाला जी मुभा दिली, ती स्त्रीलाही हवी: नव्या घरात, नव्या नवऱ्याच्या साक्षीने, पहिल्याच्या तिथीला पान मांडण्याची.