वार्ता, आप्त आणि संशय

न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत 'संशया'ला तिसरे स्थान दिले आहे. प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग. संधिप्रकाशात दूर काही उभे दिसते, ते खुंट की माणूस, हा त्याचा रूढ दृष्टान्त. मात्र ज्याने पूर्वी खुंटही पाहिला आहे आणि माणूसही, त्यालाच हा संशय येऊ शकतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. दोहोंच्या विशेषांची स्मृती हवी आणि नेमके तेच विशेष त्या क्षणी दिसता कामा नयेत. संशय हे अशा रीतीने अनुभवाचेच अपत्य ठरते. वार्ताहराचा अनुभव आणि त्याची चिकित्सक वृत्ती ही दोन सुटी गुणवैशिष्ट्ये मानण्याचा जो प्रघात आहे, तो म्हणूनच तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यासाठी मराठी पत्रसृष्टीतील कोल्हापूर प्रकरणाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१च्या जानेवारीत निघाली. अल्पावधीतच, कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ करवीत आहेत, असा आरोप या पत्रांनी केला. त्यामागे बर्व्यांची म्हणून पुढे आलेली पत्रे होती. ती बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तेव्हा दोघेही पंचविशीच्या आसपासचे होते.

या तरुण संपादकांपाशी संशयाची वाण नव्हती. सत्तेविषयीचा त्यांचा संशय तीव्रच होता. किंबहुना त्या तीव्रतेनेच हाती आलेल्या कागदाविषयी त्यांना श्रद्धाळू बनवले, असे म्हणावे लागते. पॉल रिकरने मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाचे आचार्य म्हटले. संहितेच्या पृष्ठार्थाखाली दडलेला हेतू शोधणारे हे वाचन आपल्या समीक्षेने (काहीशा उतावीळपणे) आत्मसात केले. परंतु पत्रातील कारस्थानाचा अर्थ लावण्याआधी, हे अक्षर कोणाचे, कागद कोणाच्या हातून आला आणि तो पुढे येण्यात कोणाचे हित आहे, हे वार्ताहराला विचारावे लागते. दरबारी राजकारणात खरी पत्रे फुटतात, तशी खोटीही रचली जातात. ज्याला या दोन्ही शक्यतांचा परिचय आहे, त्यालाच हा प्रश्न सुचतो.

प्रकरण येथेच संपले असते तर त्याचे नैतिक मोल मर्यादित राहिले असते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, मनोरुग्ण ठरवून अहमदनगरला ठेवलेल्या या छत्रपतींचा गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. कागद खोटे होते. भय निराधार नव्हते. तेव्हा संपादक अखेरीस खरेच ठरले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ज्याच्यावर आरोप झाला त्या बर्व्यांना, अन्य कशाने तरी पुढे पुष्टी मिळेल या भरवशावर दोषी धरता येत नाही. शिवाय खोट्या पुराव्याने खऱ्या भयाची साक्षच दुबळी केली. ज्यांच्यासाठी लेखणी उचलली त्यांच्या बाजूचा पुढचा प्रत्येक शब्द संशयास्पद ठरण्याची सोय झाली.

पुण्यात बसून कोल्हापूरची वार्ता पारखणे अवघडच होते. मग जागेवरचा वार्ताहर अधिक सुरक्षित म्हणावा काय? त्याची अडचण निराळी आहे. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे वस्तू साक्षात् जाणणारा आणि जाणली तशी सांगू इच्छिणारा. तो ऋषी, आर्य वा म्लेच्छ कोणीही असू शकतो, असे वात्स्यायन म्हणतो. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग. तालुक्याच्या गावी वार्ताहराला हे दोन्ही अर्थ एकाच माणसात भेटतात. ग्रामपंचायतीचा हिशेब ज्याने सांगायचा तो सोयऱ्यातला असतो, पंचनाम्यावर सही करणारा शेजारी असतो. त्याला उलट प्रश्न करणे म्हणजे नात्यावरच अविश्वास दाखवणे, असे समजले जाते. आणि प्रश्न न केल्यास बातमी त्याची होते, वार्ताहराची राहत नाही. वर्षानुवर्षांचा परिचय येथे दुहेरी काम करतो. कोण काय लपवील हे तो शिकवतो, आणि टँकरच्या फेऱ्या कागदावरच होत असल्याची तक्रार घेऊन कोणी आले की 'हे दरवर्षीचेच' असे म्हणायलाही तोच लावतो. या उद्गारात अनुभव असतो. पण खुंट की माणूस हे पाहायला जवळ जाण्याचे पाऊल मात्र उचलले गेलेले नसते.