पाहुणा होऊन जावे



मिशन रविवार जवळ आला आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली ह्या दिवसाची घोषणा केली. तेव्हापासून ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी अखिल ख्रिस्तसभा मिशन कार्यासाठी प्रार्थना करते, यथाशक्ती दान देते आणि दूरदेशी राबणाऱ्या फादर-सिस्टरांचे स्मरण करते.

यंदा आपल्या धर्मग्रामातील काही युवक-युवतींनी एक वेगळी इच्छा बोलून दाखवली आहे. मिशन टीमबरोबर परदेशातील एखाद्या खेड्यात काही महिने सेवेसाठी जावे, असे त्यांना वाटते. हे ऐकून आम्हांला मोठे समाधान वाटले. त्यांचे प्रश्न मात्र एकाच प्रकारचे होते. तिथे काय न्यायचे? औषधे, कपडे की वह्या-पुस्तके? तिथल्या लोकांना काय शिकवायचे? त्यांच्या आई-वडिलांचे प्रश्न निराळे होते. खाण्यापिण्याचे काय? आजारी पडल्यास बघणार कोण? भाषा कशी कळणार?

हे सर्व प्रश्न रास्त आहेत. तरीही संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण उघडून पाहावा. प्रभू येशू बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठवतो. सोबत काय न्यावे, ह्याची यादी तो देत नाही. काय नेऊ नये, ते सांगतो. पैशाची पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात स्वागत होईल तिथेच राहावे, जे ताटात वाढतील ते खावे, घरे बदलत फिरू नये. शिवाय तो कोणालाही एकट्याला पाठवत नाही, दोघादोघांना पाठवतो.

प्रभूने असे का सांगितले असावे? रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात उभे राहावेच लागते. भरलेली झोळी घेऊन जाणारा दाता ठरतो, रिकामी झोळी घेऊन जाणारा पाहुणा ठरतो. आपले शिष्य पाहुणे होऊन जावेत, अशी प्रभूची इच्छा आहे.

ह्या वचनांचा अर्थ आपल्याच कोकण किनाऱ्यावरील एका संताने आयुष्यभर जगून दाखवला. संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. शेजारच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी १६५८ साली जाफना जिंकले होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतील भाविक जवळजवळ तीस वर्षे मिस्साविना आणि धर्मगुरूविना जगत होते. ही हकिकत कळल्यावर फादर जोसेफ वाझ स्वस्थ बसू शकले नाहीत. १६८७ साली ते मजुराच्या वेशात समुद्र ओलांडून जाफन्याला पोहोचले. सोबत जॉन नावाचा एक सेवक होता. दोघेच. शुभवर्तमानात सांगितल्याप्रमाणे!

गेल्या गेल्या काय झाले? फादरांना हगवणीने गाठले. प्रवासाने आणि उपासमारीने शरीर खंगले होते. सेवा करायला गेलेल्या मिशनरीवर प्रथम दुसऱ्यांच्या दयेवर जगण्याची पाळी आली. बरे झाल्यावर त्यांनी भिकाऱ्याचा वेश घेतला, गळ्यात रोझरीची माळ घातली आणि दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, ते त्यांना पाहायचे होते. अशा रीतीने त्यांना तिथली ख्रिस्तसभा सापडली. पुढे सिल्लालै ह्या खेड्यातील लोकांनी त्यांना आसरा दिला. दिवसा लपून राहायचे आणि रात्री घराघरांत जाऊन मिस्सा व इतर संस्कार साजरे करायचे, असा त्यांचा क्रम होता. धर्मगुरूला घरात ठेवणे हा डचांच्या लेखी मोठा गुन्हा होता. १६८९ च्या नाताळात जाफन्यात भाविकांची धरपकड झाली, तरी फादर डचांच्या हाती लागले नाहीत. त्या गोरगरीब यजमानांनी आपल्या पाहुण्याला सांभाळले.

नंतर ते कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात गेले. तिथे हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. कैदेतील दिवस त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालवले. हळूहळू राजाचा विश्वास बसला आणि त्याच्या आश्रयाखाली काम उभे राहिले. मग गोव्याहून ओरेटोरियन संघाचे आणखी धर्मगुरू येऊन मिळाले. १६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. लोक शहर सोडून पळाले. फादर वाझ आणि त्यांचे सहकारी फादर कार्व्हालो मागे राहिले. धर्म-जात न विचारता त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. १७०५ साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस ह्या टीममध्ये दाखल झाले. त्यांनी सिंहली आणि तामिळ भाषांत प्रार्थनेची, गीतांची व शिकवणुकीची पुस्तके रचली. गावोगावी प्रापंचिक पुढारी तयार झाले. धर्मगुरू महिनोन्महिने फिरकू शकला नाही तरी गावातला अण्णावी लोकांना जमवून प्रार्थना चालवत असे. १६ जानेवारी १७११ रोजी फादर वाझ कँडीत प्रभूच्या घरी गेले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

बंधू-भगिनींनो, ह्या चरित्रातून मिशनला जाऊ इच्छिणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट, आधी घ्यायला शिका. परक्या गावातील म्हातारी आपल्या ताटात जे वाढील ते आनंदाने खाणे, ही मिशन कार्याची सुरुवात आहे. तिचे अन्न नाकारून तिच्या नातवाला वह्या वाटल्या, तर तिला आपण काय सांगितले? तुझ्याजवळ देण्यासारखे काही नाही, असेच ना? तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन नात्यांचा विचार मांडला आहे. एका नात्यात समोरचा माणूस आपल्यासाठी केवळ एक वस्तू असतो. दुसऱ्या नात्यात तो ‘तू’ असतो. गरिबाला आपल्या दानधर्माची वस्तू करणे सोपे असते. त्याला ‘तू’ म्हणणे कठीण असते, कारण मग त्याचेही ऐकून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट, टीम म्हणून जगा. उन्हातान्हात, अपुऱ्या झोपेत, पाण्याच्या टंचाईत माणसाचा स्वभाव उघडा पडतो. आपण गावकऱ्यांना क्षमेवर प्रवचन द्यावे आणि संध्याकाळी बादलीभर पाण्यावरून आपापसांत अबोला धरावा, हे गावकरी पाहत असतात. टीममधील प्रेम हेच तिचे पहिले प्रवचन आहे.

तिसरी गोष्ट, आपल्यावाचून चालेल असे काम करा. आपण परतल्यावर जे बंद पडते ते आपले काम होते. जे गावकरी स्वतः पुढे चालवतात ते प्रभूचे काम असते. अण्णावी तयार झाले म्हणून श्रीलंकेची ख्रिस्तसभा तग धरून राहिली.

पाहुणा म्हणून गेलेला माणूस शेवटी त्या घरचाच होतो. पोप चौदावे लिओ यांचेच पाहा. अमेरिकेत जन्मलेले हे ऑगस्टिनियन धर्मगुरू १९८५ साली पेरू देशातील चुलुकानास येथील मिशनमध्ये गेले आणि पुढे चिक्लायो धर्मप्रांताचे बिशप झाले. ८ मे २०२५ रोजी पोप म्हणून प्रथम जगासमोर आले तेव्हा इटालियन भाषण मध्येच थांबवून त्यांनी चिक्लायोच्या आपल्या लोकांना स्पॅनिशमध्ये नमस्कार केला. मिशन माणसाला काय देते, ते त्या क्षणी दिसले.

आई-वडिलांना आमची एक विनंती आहे. मुलगा आखातात किंवा बोटीवर नोकरीला निघाला, तर आपण डोळे पुसत का होईना, त्याला निरोप देतो. तिथेही भाषा परकी असते, तिथेही आजारपण येते. प्रभूच्या कामासाठी निघालेल्या लेकराला तोच निरोप नाकारू नका.

ज्यांना कुठेच जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आपल्या वाडीतच जागा आहे. पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे आपल्या शेजारी राहतात. ह्या आठवड्यात त्यांच्यापैकी एका घरी जाऊ या. काही वाटायला नको, नुसते बसायला. त्यांनी चहा विचारला तर नाही म्हणू नका.

हे प्रभो, दुसऱ्याच्या दारात नम्रपणे उभे राहण्याची कृपा आम्हांला दे. आमची झोळी रिकामी कर म्हणजे तिच्यात तुझी माणसे मावतील. आमेन.

आपले धर्मगुरू